देवाने माणूस का केला आणि मी बैठकीला का नव्हतो

श्री

लोणावळा,
चैत्र वद्य तृतीया, शके १८६०

रा. रा. रखमाजीराव यांचे सेवेसी, मुक्काम सुदुंबरे,

आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा हौशीराम याचा साष्टांग दंडवत. (एरवी आपल्याला नुसता रामराम जातो. या खेपेला एकदम आडवाच का झालो, ते आपण जाणताच.) पाठीत भरलेली उसण आता उतरली असेल. वहिनींचा खोकला कसा आहे? तांबड्या बैलाने चारा सोडल्याचं मागे लिहिलं होतंत, तो आता तोंड लावतो का? आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. वास्तविक आपल्या भगिनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत आणि भाकरी अशी वाढतात की ताटाचा आवाज शेजारच्या बंगल्यातल्या माळ्याला ऐकू जातो. काल त्याने येऊन काय पडलं म्हणून विचारलं.

तुमचा राग मी समजू शकतो. इतकी खटपट करून तुम्ही आपल्या गावच्या सोपानरावांना आणि त्यांच्या मुलाला आमच्या कस्तुराला पाहायला लोणावळ्यापर्यंत आणलंत, (हल्ली मुलगाही बरोबर येतो, चांगली पद्धत आहे) आणि घरात सगळं आहे, सतरंजी आहे, पोहे आहेत, मुलगी आहे, फक्त मुलीचा बाप नाही. सोपानरावांनी बाप कुठे म्हणून विचारायचं, तुम्ही येतोच इतक्यात म्हणायचं, आणि आत पोहे पुन्हा चुलीवर चढायचे. अखेर ते उठून गेले. मग तुम्ही माजघरात जाऊन आपल्या बहिणीला जे बोललात ते मला शब्दाला शब्द ऐकवण्यात आलं आहे. (माझ्याशी न बोलता, भिंतीला सांगून.) 'या माणसाला देवाने घडवलं तरी कशाला!' असं तुम्ही म्हणालात. रखमाजीराव, गळ्याची शपथ घेऊन सांगतो, त्या दिवशी उजाडल्यापासून आमचं सगळं गाव नेमकं हेच विचारत होतं, आणि त्यापायीच माझी गाडी चुकली. आता सविस्तर ऐका.

आंदर मावळात आमच्या गावी हनुमान जयंतीचा सप्ताह बसतो हे तुम्हाला ठाऊक आहे. सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही. रात्रंदिवस कुणीतरी ती गळ्यात घालून देवापुढे उभं असतं, आणि ज्याच्या गळ्यात वीणा त्याच्या मुखी नामाशिवाय दुसरा शब्द येता कामा नये. एका घराचा पहारा संपला की दुसऱ्या घरचा माणूस येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. मध्येच कुणी ती खाली ठेवली तर सप्ताह मोडला, आणि मग वर्षभर गावात कुणाची म्हैस आटली तरी त्याच्याच नावाने बोटं मोडतात. आमच्या घरचा पहारा वडिलांचा, आबांचा. पण आबांचे गुडघे गेले, म्हणून वखारीतून रजा काढून मला जावं लागतं. सगळा बेत नीट होता. सकाळी पहारा करायचा, पुढचा पहारा खालच्या आळीच्या बजरंगाचा, त्याच्या गळ्यात वीणा घालायची, टाकव्यावरून तडक कामशेत गाठायचं आणि गाडीत बसायचं. तुम्ही मंडळी यायच्या आत मी अंगरखा बदलून दारात उभा राहिलो असतो.

पण आमच्या पंचांनी यंदा बाहेरगावचे एक बुवा आणले होते. गृहस्थ तसे गरीब, उपरणं स्वच्छ, आवाज गोड. त्या दिवशी प्रवचनात त्यांना सुचलं की देवाने माणूस का केला, हे गावाला सांगावं. (गाव काही विचारायला गेलं नव्हतं. गाव माश्या वारत सुखाने बसलं होतं.) बुवा म्हणाले की देव आरंभी एकटाच होता, त्याला करमेना, आपल्यावर कुणीतरी प्रेम करावं आणि आपणही कुणावर करावं असं त्याच्या मनात आलं, म्हणून त्याने माणूस केला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मलाही बरं वाटलं. आणि तेवढ्यात वरच्या आळीचे अंबाजी पाटील खांबाला टेकले होते ते उठले.

पाटलांचं म्हणणं असं पडलं की देवाला करमेना म्हणजे देवात काहीतरी उणं होतं असं झालं, आणि हे बोलणं बरोबर नाही. देव पूर्ण आहे. त्याने माणूस केला तो सेवेसाठी. नाम घ्यावं, देऊळ झाडावं, सांगितलं ते ऐकावं, एवढ्यासाठी. हेही मला पटलं. (वीणा गळ्यात असली की माणसाला सगळंच पटतं.) पण समोरून बजरंग उभा राहिला, माझ्याकडून वीणा घ्यायला आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून आलेला बजरंग, आणि तो म्हणाला, "सेवा करून घ्यायला द्येव काय पाटील हाय व्हय?"

झालं. यानंतर देव बाजूला राहिला. मागच्या पोळ्याला कुणाचे बैल पुढे गेले, पाणवठ्यावरून कुणी कुणाला उठवलं, हे सगळं निघालं, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी देवाने माणूस का केला हा सवाल शेपटासारखा होताच. खालची आळी म्हणे प्रेमासाठी, वरची आळी म्हणे सेवेसाठी. बजरंगाने जाहीर केलं की पाटील चूक कबूल करीपर्यंत खालच्या आळीतला माणूस वीणेला हात लावणार नाही. पाटलांनी जाहीर केलं की पहारा खालच्या आळीचा आहे, वरच्या आळीतल्या कुणी तो केला तर आपण हरलो असा अर्थ होईल, सबब वरच्या आळीनेही हात लावायचा नाही. टाळकऱ्यांनी टाळ खाली ठेवले आणि ते दोन्हीकडे वाटले गेले. नाम घेणारा सबंध देवळात मी एकटा उरलो. ते थांबवता येईना, वीणा ठेवता येईना, आणि दुसरा शब्द काढता येईना.

मला बोलता येत नाही आणि पळताही येत नाही, हे ध्यानात आल्यावर लोक एकेक करून मला पटवायला येऊ लागले. असा श्रोता त्यांना जन्मात मिळाला नव्हता. पाटील आले, माझ्या कानाशी सेवेचं सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तुमी शिकल्याली मानसं, तुमीच सांगा." मी काकुळतीला येऊन म्हटलं, रामकृष्णहरी. पाटील वळून ओरडले, "बगा, हौशीराम आपल्या बाजूनं हाय!" मग बजरंग आला. त्याला मी डोळ्यांनी कामशेतचा रस्ता दाखवला, भुवया उडवल्या, मान हलवून गाडीची खूण केली आणि जितक्या रागाने देवाचं नाव घेता येईल तितक्या रागाने ते घेतलं. बजरंगाच्या डोळ्यांत पाणी आलं. "प्रेमानं कसा कावराबावरा झालाय बगा गडी," असं तो मंडळींना म्हणाला. बुवांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, दोन्ही मतं बरोबर आहेत. त्यावर दोन्ही आळ्या त्यांच्या अंगावर गेल्या, आणि बुवांच्या पोटात दुखू लागून ते पाटलांच्या माडीवर जाऊन निजले.

गॅसच्या बत्त्या भाड्याने देणारे महंमदभाई त्या वेळी बत्त्यांत घासलेट भरत पायरीवर बसले होते. त्यांना ओढण्यात आलं. ते म्हणाले, "आमच्यात सांगत्यात, बंदगीसाठी बनवलं." वरच्या आळीने जयघोष केला. मग ते म्हणाले, "पर अल्लाला तिची गरज न्हाई. गरज आपल्याला हाय." आता जयघोष कुणी करायचा हे कुणालाच कळेना, तेव्हा त्यांना बत्तीत हवा नीट भरत नाही असं सांगून परत पायरीवर बसवलं. धोंडाबाई मावशी तेवढ्या माझ्यासाठी म्हणून आल्या. नाकावर माशी बसून बसून माझा जीव गेला होता. मावशींनी पदराने माझं नाक पुसलं, पण त्या पदराला सकाळची मिश्री होती. पुढचं नाम मी शिंकांमधून घेतलं आणि मावशी तिथंच उभ्या राहून मला आपलं मत सांगू लागल्या. (त्यांच्या मते देवाने फक्त बाई केली. पुरुष हा त्यातून उरलेल्या मातीचा.)

रखमाजीराव, इथे मी थट्टा सोडून लिहितो. ऊन देवळाच्या उंबऱ्यात आलं तेव्हा मला कळलं की आता गाडी मिळत नाही. घरी कस्तुरा नवं लुगडं नेसून बसली असेल आणि दर पावलाच्या आवाजाला दाराकडे बघत असेल, हे मला तिथे उभ्या उभ्या दिसत होतं. वीणा खाली ठेवावी आणि धावत सुटावं असं मनात आलं. मी गुडघे थोडे वाकवलेसुद्धा. समोर आबा बसले होते. आज नातीला पाहायला मंडळी येणार हे त्यांना ठाऊक होतं. ते माझ्या हातांकडे बघत राहिले, आणि आपल्या न वाकणाऱ्या गुडघ्यांवर जोर देऊन, भिंत धरून उठायला लागले. म्हाताऱ्याला उभं राहता येत नव्हतं, तरी वीणा घ्यायला निघाला होता. त्यांना पडू देणं मला जमलं नाही. मी पुन्हा ताठ झालो. मला देवाचा त्या घटकेला इतका राग आला होता की सांगता सोय नाही, आणि तोंडाने त्याचंच नाव चालू होतं.

हा वाद कसा मिटला म्हणाल, तर आमटीने. पंगतीची आमटी उकळली होती, आंबेमोहराचा भात वाफेवर होता. आरती झाल्याशिवाय पान मांडायचं नाही, आणि नवा पहारा लागल्याशिवाय आरती नाही. वास देवळात शिरला तशी मंडळी गप्प होत गेली. मग वरच्या आळीतलं कुणीतरी म्हणालं की सेवा काय आणि प्रेम काय, शेवटी एकच. खालच्या आळीने आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो असं सांगितलं. बजरंग आला, माझ्या पाया पडला, मी त्याच्या पाया पडलो (पडलो तो लवकर उठता आलं नाही), आणि वीणा त्याच्या गळ्यात गेली. पंगतीला पाटील आणि बजरंग मांडीला मांडी लावून बसले. मी घरी पोचलो तेव्हा सतरंजी गुंडाळून झाली होती.

कस्तुराने मला एका शब्दाने बोल लावला नाही. तांब्या भरून दिला, पाय चेपू का म्हणून विचारलं. तिने आईला मात्र एक गोष्ट सांगितली, ती तुमच्या कानावर घालतो. बापाच्या नावाने सगळे बोलत असताना तो मुलगा तेवढा म्हणाला होता, "वाटंत कुटं पडलं-बिडलं तर न्हाईत ना? कुनाला तरी बगायला धाडा." पोरीने हे तीनतीनदा सांगितलं. पोरगी तशी कमी बोलणारी आहे. आपण ओळखलंच असेल.

तेव्हा माझ्या हातून घडलं ते सांगितलं. क्षमा करणं न करणं आपल्याकडे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, बैलाला चारा. लोभ आहेच म्हणतो, कारण तो गेला असेल तर हे पत्र कुणाला लिहू?

आपला,
हौशीराम

ता. क. पत्र बंद करीत होतो तोच महंमदभाई दारात आले. ते बत्त्या घेऊन सुदुंबऱ्याला लग्नाला गेले होते. तिथे त्यांनी आमच्या गावची सगळी हकीकत सांगितली, आणि ती सोपानरावांनी ऐकली. माझ्यावरचा राग गेला म्हणतात. वीणा न सोडणारा माणूस आहे, सोयरीक करायला हरकत नाही, असं म्हणाले. हे ऐकून आपल्या भगिनी भिंतीशी बोलायच्या थांबल्या आणि माझ्याशी बोलू लागल्या.

आणखी एक. महंमदभाईंबरोबर धाडलेल्या निरोपाच्या शेवटी सोपानरावांनी एवढंच विचारलं आहे की देवाने माणूस का केला, यावर मुलीच्या बापाचं स्वतःचं मत काय? ते कळल्यावरच पुढची बैठक ठरवू म्हणतात. तरी रखमाजीराव, पाया पडतो, पत्र मिळेल त्याच संध्याकाळी सहज गेल्यासारखं त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा आणि त्यांच्या घरात याबद्दल काय मानतात ते काढून घ्या, आणि उलट टपाली कळवा. जे असेल तेच माझं लहानपणापासूनचं मत आहे.