मोजणारीची मान

४ जानेवारी १९९४, मंगळवार
कालच्या नोंदीत एक चूक आहे. दवाखान्यातल्या यामिनी मॅडम "तुझी मान चांगली आहे" म्हणाल्या असे मी लिहिले. त्या म्हणाल्या, "एक्स-रे चांगला आहे." मान चांगली नाही. गेले वर्षभर पाच मिनिटे टाइप केले की उजव्या खांद्यापर्यंत आग उतरते. गोळ्या नाहीत, मशीन नाही. फिजिओथेरपीचा इंग्रजीत लिहिलेला एक कागद दिला: चार व्यायाम, दिवसातून दोनदा, रोज. टायपिंगची परीक्षा ६ फेब्रुवारीला आहे. तोवर फरक पडेल म्हणाल्या, पण करावे लागेल, नुसता कागद जपून ठेवू नकोस. मला हे सांगायची गरज नव्हती. घरात शाळेत गेलेली मी पहिली, आणि बी.ए. झालेलीही. बाबांची मिल बंद होऊन दोन वर्षे झाली. क्लार्कची ही जागा मिळायलाच हवी.

५ जानेवारी
चार्ट आखला. सकाळ निळी, संध्याकाळ लाल. रेघा तिरप्या आल्या म्हणून दुसरा आखला. आखताना मान दुखली. उद्यापासून सुरुवात.

७ जानेवारी, सकाळी ६
सुरुवात केली. बाबा शेजारी येऊन बसले, म्हणाले, काय लिहिलंय त्यात, वाच तर. सव्वीस वर्षे लूमवर वाकून त्यांचीही मान आखडली आहे. मागे पाहायचे तर अख्खे अंग वळवतात. एकेक ओळ मराठीत सांगितली. हनुवटी आत, पाच मोजेपर्यंत धरा, सोडा. त्यांनी केले, मी मोजले. मोजता मोजता स्वतः केले तर आकडा चुकतो. चार्टवर खूण केली.

१२ जानेवारी
नियमित चालू आहे. आई स्टोव्हजवळून म्हणते, "मास्तरीण बसली खाटेवर, अन् म्हाताऱ्याची कवायत चाललीय." तिला पद्धत कळत नाही. आधी नीट समजून घ्यायचे, मग करायचे. माझे समजून घेणे जवळजवळ पूर्ण झाले आहे.

१८ जानेवारी
दुरुस्ती. १२ तारखेला "नियमित" लिहिले. १० ची संध्याकाळ चुकली होती, बाबा युनियनच्या मीटिंगला गेले होते. लाल खूण खोडली. खोटी नोंद मला चालत नाही.
मान बरी वाटते. (आठ दिवस टाइप केलेले नाही.)

२६ जानेवारी, बुधवार
सुट्टी. सुट्टीच्या दिवशी व्यायाम असतो का, हे कागदावर नाही. मॅडमना विचारायचे.
बाबांनी केले. नंतर आईने मागून हाक मारली तर नुसती मान वळवून "ओ" दिली. आई हातातले पीठ तसेच धरून बघत राहिली. माझ्या समजावून सांगण्याचा हा परिणाम आहे.

२९ जानेवारी, शनिवार
असे घरातूनच होईल असे वाटले नव्हते.
तुकोगंजला मॅडमच्या दवाखान्यात गेले. बाबा हट्टाने सोबत आले. चार्ट दाखवला, त्रेचाळीस खुणा. मॅडम खूश. मग मान वळवायला सांगितली. होती तिथेच अडली. म्हणाल्या, एवढं करूनही? मी नम्रपणे म्हटले, व्यायाम चुकीचे दिले असतील. तेव्हा बाबा, ज्यांना मी ओळ न् ओळ वाचून दाखवली ते माझे बाबा, हसत म्हणाले, "नाही मॅडमजी, व्यायाम एकदम फर्स्ट क्लास! करतो मी. ये तो बस गिनती है, नुसती मोजते." आणि उठून डावीकडे, उजवीकडे मान फिरवून दाखवली. मॅडम म्हणाल्या, "वा, भाऊरावजी!"
परत येताना टेम्पोत मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. मान वळत नाही, त्यामुळे ते सोपे गेले.

५ फेब्रुवारी
परीक्षा उद्या. आता व्यायाम सुरू केले तर ऐनवेळी मान धरेल. आराम केला.

६ फेब्रुवारी, रविवार
परीक्षा दहा मिनिटांची. सात मिनिटांनी हात थांबले.
दुरुस्ती: पाच.

१० फेब्रुवारी, गुरुवार
बाबांना पिथमपूरला एका कारखान्याच्या गेटवर काम मिळाले. दोन्हीकडून ट्रक येतात, म्हणून साहेबांनी आधी मान वळवून दाखवायला सांगितली. सोमवारपासून, बस पावणेसहाची. आईने खीर केली. मी खाल्ली नाही.
दुरुस्ती: थोडी खाल्ली.
जेवण झाल्यावर बाबा खाटेशी आले. म्हणाले, "दीना, या रविवारी तू कर, मी मोजतो. सव्वीस वर्षं सुताचे तार मोजलेत, चुकणार नाही." मॅडमसमोर ज्यांनी सगळे सांगितले, त्यांच्यासमोर करायचे?
जुन्या चार्टवरचे माझे नाव खोडून त्यांचे घातले. नोंद खरी हवी. माझ्यासाठी नवा चार्ट आखला. या वेळी रेघा सरळ आल्या आहेत.
रविवारी नाही. सोमवार, १४ फेब्रुवारी, सकाळी सहा. तोवर बाबांची बस निघून गेलेली असेल.