कट्ट्यावर नेऊ का, असं त्यांनी विचारलं होतं

बाबा, मागच्या पत्रात मी तुम्हाला चुकीचं लिहिलं. सासूबाई माझ्या मुलीला न विचारता घेऊन गेल्या, असं लिहिलं होतं. त्यांनी विचारलं होतं. हे वारल्यावर मी वेगळी खोली घेतली, तिथे एका संध्याकाळी त्या आल्या होत्या. मी कणीक मळत होते. दारातून म्हणाल्या, "नेऊ का गं हिला दुधाच्या कट्ट्यावर? म्हशीचं ताजं दूध पाजून आणतो." मी मान डोलावली. मग दोन तास दोघींचा पत्ता नाही, त्यांचा फोन माझ्याच ओट्यावर वाजतोय. परत आल्या तेव्हा मुलीच्या ओठावर फेस होता. "म्हैस लवकर पान्हावलीच न्हाय बघ," त्या हसत म्हणाल्या. तोवर मी हो म्हटलंच नव्हतं, असं मला वाटायला लागलं होतं.

त्या दिवसापासून मी भेटी बंद केल्या, म्हणून त्या कोर्टात गेल्यात. दर रविवारी नात भेटावी, एवढंच मागणं. वकीलबाई म्हणतात, "ताबा आईचाच, ती काळजी सोडा. पण न विचारता नेलं, हाच आपला मुद्दा. तो गेला तर आज रविवार देतील, उद्या मे महिन्याची सुट्टी मागतील." त्या सुट्टीचीच मला धास्ती आहे. मुलगी तिकडे रमली तर? आणि न विचारता नेलं असं लिहिलेल्या प्रतिज्ञापत्रावर सही माझी आहे.

आई गेल्यानंतरच्या वर्षी, कुरुंदवाडला आजोळी जायचं टाळायला, आजीने मारलं असं मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. तुम्ही तिचं येणं बंद केलंत. दिवाळी सरल्यावर मी खरं बोलले, तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. एसटीत बसवून नेलंत आणि तिच्या घराच्या पुढच्या सोप्यात मला पुढे केलंत. "तू सांग. माझ्या तोंडून नको." मी रडत सांगते आहे, आजी शेंगा फोडते आहे. "मारलं न्हाय हीच चूक झाली की, जावईबापू," ती म्हणते, माझ्या ओंजळीत दाणे ओतते आणि मग पदर डोळ्यांना लावते. ती दिवाळी तिने कशी काढली, हे मी कधीच विचारलं नाही.

वकीलबाईंना अजून काही बोलले नाही. आधी सांगितलं तर त्या मला थांबवतील, आणि मी थांबेन, एवढी मी मला ओळखते. म्हणून कोर्टाच्या व्हरांड्यातच सांगणार आहे, सासूबाईंच्या समोर. तारीख परवाची आहे, गुरुवारची.