टेलर नको

प्रिय निकिता,

तुझा शिर्डीचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. पत्र कशाला, फोन करा की, असं त्या म्हणाल्या. पण फोनवर मी दोन गोड वाक्यं बोलून मोकळा होतो, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? कागदावर तसं निसटता येत नाही. चार दिवस रोज एक कागद फाडतोय. आज फाडणार नाही.

प्रार्थना कशी आहे? डिसेंबरात पाचची झाली. तिच्यासाठी फ्रॉक शिवलाय, पण माप अंदाजानं घेतलं. गेल्या जूनमध्ये तू तिला घेऊन गेलीस, तेव्हापासून पाहिलेली नाही. चाळीस वर्षं गावभराचे गणवेश शिवणाऱ्या माणसाला नातीचं माप माहीत नसावं! शिलाई आत सोडून ठेवली आहे, लहान झाला तर उसवून वाढव. हॉटेलातल्या कामात तुझे पाय फार दुखतात, असं तुझी आई म्हणाली. आम्ही इथं दोघं रिकामे बसलोय आणि तू उभी आहेस.

तू का गेलीस ते मी विसरलेलो नाही. स्टीफनला जाऊन सहा महिने झाले, त्या उपासनेला सगळी मंडळी घरात बसलेली असताना तुझ्या सासूनं, मरियानं, सगळ्यांसमोर म्हटलं, "हिनंच फोन करू करू माझ्या पोराला घाईनं पळवलं, म्हणून तो गेला." तू काही बोलली नाहीस. मीही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस आणि मी शेवगावच्या स्टँडवर तुला एसटीत बसवून आलो. प्रार्थनेला बिस्किटाचा पुडा घेऊन दिला. एवढंच केलं.

आता बातमी. अपघातानंतर पंधरा महिने पोलीस ठाण्याच्या आवारात उभा असलेला स्टीफनचा ट्रॅक्टर सोडवून न्या, असा कोर्टाचा कागद आला. कागदपत्रं माझ्या नावावर, म्हणून मलाच जायचं. त्याचं पुढचं चाक निखळलंय, आस वाकलाय, म्हणजे तो चालत येणार नाही. त्याला टेलरवर घालूनच आणावं लागेल. आपल्याकडे ट्रेलरला टेलर म्हणतात आणि मलाही टेलर म्हणतात, त्यावरून गावानं माझी किती चेष्टा केली आहे! थॉमस टेलर टेलर शोधतोय, असं पोरं पुन्हा म्हणायला लागली. मी हसलो. सवयीनं हसू येतं.

नेवासा फाट्यावर गेलो. गळ्यातली टेप तशीच होती, तिनंच मापं घेतली. पहिला टेलर लांबीला बरा, पण ट्रॅक्टर चढवायच्या फळ्या इतक्या अरुंद की मोडकं चाक घसरलंच असतं. दुसरा अगदी हवा तसा होता. लोखंडी तळ, दोन्ही बाजूंना साखळ्या बांधायला कड्या, ओढून चढवायला चेनकप्पी, चारी चाकांना ब्रेक. मी त्याला हो म्हणणारच होतो. तेवढ्यात तिसऱ्या टेलरचा मालक चहाचा कप घेऊन जवळ आला. त्याच्याबद्दल सांगण्याआधी मला मागचं सांगावं लागेल.

माझे वडील बैलांचे शौकीन. बाजारातून घेतलेला बैल पायानं चालत घरी आला पाहिजे, असं ते म्हणायचे. पायानं आलेलं जनावर टिकतं, गाडीत घालून आणलेलं दावणीला राहत नाही. स्वतः पाथर्डीच्या बाजारातून बैलामागं रात्रंदिवस चालत यायचे. मी चर्चमधल्या मंडळीचा पंच. शकुन-अपशकुन ख्रिस्ती माणसानं मानू नयेत, हे उपासनेत उभं राहून सांगणारा मीच. पण वडिलांचं हे वाक्य माझ्या अंगातून गेलं नाही, आणि ते बैलांपुरतंच होतं हेही मला कळलं नाही.

स्टीफननं कोपरगावच्या बाजूला तो जुना ट्रॅक्टर विकत घेतला, तेव्हाच म्हणाला होता, "मामा, मागचा दिवा लागत नाही, वायरिंग जळालंय. मी टेलर ठरवलाय, सकाळी नऊला येतो." हो, तोही तुझं ऐकून ऐकून मला मामा म्हणायला लागला होता, थट्टेनं. काही लागलं तर असू द्या म्हणून टेलरवाल्याचा नंबरही त्यानं मला लिहून दिला. मी म्हटलं, चालता ट्रॅक्टर आजाऱ्यासारखा दुसऱ्याच्या पाठीवर कशाला आणायचा? गावात शिरताना हार घातलेला, स्वतःच्या चाकांवर आला पाहिजे. तो हसला आणि म्हणाला, "दिवा नाही मामा, दिवा." विषय संपला, असं त्याला वाटलं.

ट्रॅक्टर आणायच्या दिवशी सकाळी आठला मी त्या नंबरावर फोन केला आणि टेलर नको म्हणून सांगितलं. स्टीफनला सांगितलं नाही. वाट बघून कंटाळेल आणि दहा वाजता आपणच चालवत निघेल, दिवसाउजेडी घरी येईल, असा माझा हिशेब. पण तो त्याच्या स्वभावासारखाच वागला, शब्द दिलेल्या माणसाची तिथंच वाट बघत बसला. त्या माणसाचा फोन लागेना. एक वाजता त्यानं मला विचारलं, तेव्हा मी बेधडक सांगितलं, टेलर बिघडलाय म्हणे, तू ये चालवत. दोन वाजता तो निघाला. सव्वाशे किलोमीटर, डिसेंबरचे दिवस. प्रार्थनेच्या वाढदिवसाचा केक आणून ठेवला होता, म्हणून पाच वाजता तू फोन केलास, लवकर या म्हणालीस. कुठली बायको म्हणत नाही? आणि ट्रॅक्टर घाई करून पळणार तरी किती? दिवेलागणीला मागून येणाऱ्या ट्रकला तो दिसलाच नाही.

पोलिसांनी विचारलं, टेलर का नाही केला? मी सांगितलं, पोरगा हट्टी होता. त्याच्या मातीला अजून दिवस उलटला नव्हता. मंडळीत साक्ष द्यायला उभा राहिलो तेव्हाही हेच सांगितलं, वर देवाची इच्छा म्हणालो. मरियानं त्यात तुझा फोन जोडला. मी तो काढून टाकला नाही, कारण त्यानं माझं झाकलं जात होतं. निकिता, मी भित्रा माणूस आहे. पंधरा महिने मी तुझ्या आड लपलो.

तर फाट्यावरचा तो तिसरा माणूस. आसाराम त्याचं नाव. मी दुसऱ्या टेलरवाल्याला माझं नाव सांगत होतो, ते ऐकून तो जवळ आला आणि खो-खो हसला. "वळखलं न्हाई का टेलरमामा? तुमीच फोन केल्ता ना मला, टेलर बोलतोय, टेलर नको? लई हसलो हुतो आमी त्या दिशी. मोबाईल लगीच पान्यात पडला माजा, न्हाईतर पोराला फोन करनार हुतो. मग, पोचला का ट्रॅक्टर नीट?"

त्याला काहीच माहीत नव्हतं. मी तिथल्या दगडावर बसलो. त्यानं पाणी दिलं. मग मी त्याला सगळं सांगितलं, आजवर देवालासुद्धा नीट सांगितलं नव्हतं ते. त्यानं कपातला उरलेला चहा ओतून टाकला. मग म्हणाला, "मी कुनाला सांगायचो न्हाई, मामा. तुमी दुसऱ्याचा टेलर न्या." त्याचा टेलर जुना आहे, तळाची एक फळी खचली आहे. मी त्याचाच ठरवला. गुरुवारी तो ट्रॅक्टर घेऊन आपल्या दारात येईल, मरिया त्याला चहा देईल, आणि पोराचा विषय निघेल. त्या माणसासमोर मला खोटं बोलता येणार नाही, म्हणून तो ठरवला. पण गुरुवारपर्यंतही थांबवेना. काल दुपारी मरियाला सांगितलं. तिनं आरडाओरड केली नाही. माझं ताट वाढलं, झाकून ठेवलं आणि शेजारी छबूबाईकडे निघून गेली. अजून आली नाही. आली तरी माझ्याशी बोलेल असं वाटत नाही.

हे सगळं लिहिलं ते तुझी माफी मागायला नाही. ती मागायचं माझं तोंड नाही. तू रोज पाच वाजता फोन उलटा करून ठेवतेस, कुणाचाही उचलत नाहीस, हे तुझ्या आईनं पत्ता देताना मला रडत सांगितलं, म्हणून लिहिलं. स्टीफन तुझ्या फोननं गेला नाही. त्याला पाच तास मी बसवून ठेवलं होतं. येत्या रविवारी मंडळीपुढे उभा राहून हेच सांगणार आहे, पोलिसांनाही सांगणार आहे. छबूबाईच्या सुनेनं आत्ता निरोप आणला, मरियानं तुझा नंबर मागितलाय. मी लिहून दिला, हे पत्र पोचेपर्यंत थांब असंही कळवलं. ती तुला फोन करील, कदाचित पाच वाजताच करील, तिला तुझं हे माहीत नाही. तेवढा उचल.

तुझाच,
मामा
(तुला अजून तसं म्हणावंसं वाटलं तर)