चौथ्या दिवशीची गोळी

आई, तुझ्या पायांवर इथूनच डोकं ठेवतो.

आधी सांगतो, काळजी करू नकोस, ताप उतरत आलाय. परवा बेकरीत पावाच्या पिठात मीठ दोनदा घातलं आणि चाखूनही कळलं नाही, तेव्हाच संशय आला. तपासणीत ताईला झाला होता तोच कोरोनाचा संसर्ग निघाला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विषाणूवरच्या गोळ्या आहेत. मागे रेंगाळणारं दुखणं टळेलच अशी खात्री देत नाही. पण घ्यायच्या तर ताप आल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करा." आज चौथा दिवस.

तू म्हणशील, धडधाकट माणसाला एवढी जड औषधं कशाला? ताईच्या वेळी आपण सगळे हेच म्हणालो होतो. त्याला दोन वर्षं झाली. जिन्याच्या वळणावर मी ठेवलेल्या स्टुलावर ती अजून दम खायला बसते ना गं?

मला रोज पिठाची पोती उचलायची असतात. गोळ्यांनी तोंड कडू होतं म्हणे. होऊ दे, चव तशीही गेलीय.

तुला आधी विचारलं असतं, तर तू नको म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं. म्हणून अगोदर गोळी गिळली, मग पेन उचललं.

तुझा हट्टी धाकटा