तिसरी हाक कोणाची

भंडारा,
रविवार, २८ ऑगस्ट १९८३

तीर्थरूप शकूबाईच्या पायांवर धाकट्या बहिणीचा, रत्नाचा नमस्कार (पोटाला टाके आहेत, वाकता येत नाही, म्हणून लांबूनच).

इकडची मंडळी ठीक आहेत. तुझी प्रकृती कशी आहे? तुझे गुडघे, भावजींचा खोकला आणि बांधीतला धान, तिन्हींचे वेगवेगळे कळव. आखाडीपासून तुझे पत्र नाही. पुरामुळे लाखांदूरची गाडी बंद आहे, तारही जात नाही असे पोस्टमास्तर सांगतात, ते डोक्याला पटते. जिवाला पटत नाही. मला तुला एकच गोष्ट विचारायची आहे. धीर होत नाही म्हणून आधी हकीकत लिहिते.

माझे पोट तुला ठाऊकच आहे. पाच बाळंतपणांनंतर ते जे सुटले ते माझ्यापुढे अर्धा हात चालत असे. यंदा बेंबीपाशी लिंबाएवढी गाठ आली. तपासणीला आलेल्या शिक्षणाधिकाऱ्यांनी तर सगळ्या वर्गासमोर मला बाळंतपणाची रजा आधीच टाकून ठेवा असे बजावले (वय वर्षे चव्वेचाळीस!). मग मात्र मी दवाखाना गाठला. दर मंगळवारी नागपूरहून येणारे सर्जन म्हणाले, गाठ आत ढकलून शिवू, आणि लोंबते कातडेही कापून पोट आवरून देऊ. भूल कोणती घ्यायची ते मात्र तुम्ही ठरवा. जागेपुरती सुई एवढ्या मोठ्या कापाकापीला पुरणार नाही. उरले दोन मार्ग: पाठीच्या कण्यात सुई, म्हणजे कमरेखाली मेल्यासारखे आणि वर जागे, नाहीतर तोंडावर जाळी ठेवून पूर्ण बेशुद्धी.

आता आपल्याकडे एखाद्याला भूल निवडायला सांगणे म्हणजे साऱ्या मोहल्ल्याला जेवायला बोलावण्यासारखे आहे. शेजारचे भैय्यालाल पितळेची भांडी घासून चमकवतात, त्यांनी हर्नियाला कण्यातली सुई घेतली होती. डोक्यावरच्या मोठ्या दिव्यात त्यांना आपलेच उघडे पोट दिसले. “म्या डोये मिटले बाई, पन दिव्यातल्यानं मिटलेच नाही,” असे म्हणाले (डोळे मिटल्यावर हे दिसले कसे, ते मी विचारले नाही, विचारायला हवे होते). तेव्हापासून ते पाण्याचे पितळी गुंड घासतात ते मान फिरवून. मी गंमत म्हणून त्यांच्या हातातल्या गुंडात डोकावले, तर तेही दचकले आणि मीही. कण्यातली सुई तिथेच बाद झाली.

सासूबाईंना बेशुद्धीची धास्ती. “बेसुद केलं का जीव भायेर फिरते, अन् वापस येताना घर चुकते,” हे त्यांनी तीन दिवसांत इतक्यांदा सांगितले, की मी रात्री आमच्या घराचा नंबर पाठ करून झोपू लागले. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत राखणीला विळा घातला. नर्सने तो काढून घेतला आणि माझ्याकडे फार विचित्र नजरेने पाहिले.

मंगळवारी, सोळा तारखेला, सकाळी अकराला मला आत नेले. तारेच्या जाळीवर फडके, त्यावर औषधाचे थेंब. भुलीचे डॉक्टर म्हणाले, आकडे मोजा. मी मास्तरीण, नुसते आकडे काय मोजायचे म्हणून एकोणतिसाचा पाढा घेतला. एकोणतीस चोक आठवेपर्यंत छत दूर गेले आणि अंधार झाला. त्या अंधाराबद्दल काही लिहीत नाही. तिथे लिहिण्यासारखे काहीच नव्हते, मीसुद्धा नव्हते.

मग आधी कान परत आले. डोळे उघडेनात, बोट हलेना. कोणीतरी म्हणाले, “रत्नाबाई! रत्नाबाई!” आणि थांबले. तुला आठवते ना, आंबागडला आई काय शिकवायची? किल्ल्याच्या बाजूने नाव घेऊन हाक आली तर ओ द्यायची नाही, तिसऱ्या हाकेची वाट पाहायची; भुताला दोनच हाका मारता येतात, तिसरी मारतो तो माणूस. मी वाट पाहिली. तिसरी आली नाही. थोड्या वेळाने पुन्हा दोन, पुन्हा गप्प. बाई, माझ्या अंगावर काटा आला. बिचारे डॉक्टर दोनदा हाक मारून नाडी बघत होते, हे मला मागाहून कळले. तेव्हा मात्र मी दातावर दात ठेवून पडून राहिले. गालावर चापट्या मारल्या, तरी ओ दिली नाही. शेवटी घाबरून त्यांनी आमच्या ह्यांना आत बोलावले आणि नाव घेऊन हाक मारा म्हणाले. चोवीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझे नाव घेतलेले नाही! “अवं, आयकून राहिली का?” एवढेच म्हणाले. ही हाक कोणत्या हिशेबात धरायची? नावच नव्हते त्यात. डॉक्टर ओरडले, तेव्हा “रत...” एवढे म्हणून रडू लागले. मला फार वाईट वाटले, पण नेम तो नेम.

तेवढ्यात डाव्या कानाशी कोणीतरी सावकाश म्हणाले, “गठुडे. गठुडे. ऊठ ना वं, गठुडे.”

तिसऱ्या हाकेला मी ओ दिली. डोळे उघडले तर डाव्या बाजूला भिंत होती, पलंग तिला चिकटलेला.

डॉक्टर म्हणतात, औषधाने असे भास होतात. हे म्हणतात, आपण काही ऐकले नाही. सासूबाई काहीच म्हणत नाहीत, त्याचेच मला जास्त भय वाटते. गठुडे हे नाव आई गेल्यावर जगात एकाच माणसाला माहीत आहे. आणि आवाज आईचा असता तर मी भ्याले नसते. आईला यायचा हक्क आहे. आवाज तुझा होता.

असो. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पोट सपाट झाले आहे, पाहून ओळखणार नाहीस.

तुझी,
रत्ना

ता. क. तुझी ती हिरवी इरकली मला आता नेसता येईल, तेव्हा कोणाला देऊन टाकू नको. मीच येऊन घेईन.

ता. क. दुसरा. उद्या पहिली गाडी सुटणार आहे. कंडक्टर तुलाराम हे पत्र तुझ्या घरी देईल आणि उत्तरासाठी अर्धा तास थांबेल, त्याला मी तशी गळ घातली आहे. त्या मंगळवारी तू मला हाक मारलीस का, ते लिही. नसशील मारली तर मला वेडी म्हण, शिव्या दे, पण लिही तूच, तुझ्या त्या गिचमिड अक्षरात. पाकिटावर भावजींचे अक्षर दिसले तर मी ते फोडणार नाही.