कांछीचा अडलेला कागद

अ‍ॅक्रन, ओहायो
१२ मार्च २०१६

कांछी नैनकला,

धाकटीला थोरलीचा आशीर्वाद. देशातून हाकलल्यापासून त्या छावणीत पडलीयस, तरी खुशाल असशील. नसलीस तरी कळवणार नाहीस. पत्र माझी नात बिनिता लिहितेय. तुला वाचून दाखवणाऱ्या मास्तरांना सांग, काही गाळायचं नाही. फोनवरच बोलले असते, पण तिथे तू मला वाक्य पुरं करू देतेस कुठे?

इथे बर्फ अजून दारात बसलंय, फुकट्या पाहुण्यासारखं. मी हीटरवर गुंद्रुकाचा आंबवलेला पाला वाळत घातला, तर खालची बाई वासाची तक्रार घेऊन आली. तिला काय सांगू म्हणून माझा खगेंद्र अवघडला. म्हटलं, सांग, म्हातारी वाळतेय.

मी निघायच्या आधी छावणीच्या नळावर तू म्हणाली होतीस ना, “जा, गाय खायला जा अमेरिकेत.” खात नाही गं. पण तुझा भाचा रोज आठ तास ती पाकिटांत भरतो. घरी आला की आधी अंघोळ, मग देव.

आता तुझ्या कागदाचं. निम्म्याहून जास्त छावणी निघून गेल्यावर, शेवटची मुदत संपताना तू इकडे यायला नाव नोंदवलंस. बरं केलंस. पण तो कागद अडलाय. खगेंद्र कामावर रजा टाकून चारदा कचेरीत गेला. दर खेपेला नवी बाई, जुनंच हसू आणि “कळवतो.” चौथ्या खेपेला दुभाष्यानं सांगितलं, “तुमच्या आईच्या फाइलीत तिची बहीण हयात नाही.”

खगेंद्र म्हणाला, छावणीत मुलाखत लिहून घेणाऱ्याची चूक. मीही मान डोलावली. तुलाही त्यानं तेच कळवलं, आणि तू त्या लिहिणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केलास. भला माणूस होता बिचारा. चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला.

बिनिता थांबून माझ्याकडे बघतेय. लिही म्हटलं.

चूक त्याची नव्हती. गाईचं बोललीस, ते मी गिळलं. पण त्यापुढे, मी गावी परतायची आशा सोडली म्हणून, सगळ्यांदेखत म्हणालीस, “आईबापांची माती विकून निघाली ही.” मी अर्धीच घागर घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी अमेरिकेला जायची मुलाखत. त्या चष्मेवाल्यानं विचारलं, “भावंडं?” म्हटलं, एक बहीण. “हयात आहे?” म्हटलं, नाही. त्यानं मान खाली घातली, मला पेलाभर पाणी दिलं. मी ते प्यायलेसुद्धा. मग सगळं वाचून दाखवलं, आणि मी अंगठा उठवला.

मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. तुझं आठ वर्षं वाढवलंय मी. आभार नकोत.

दुभाष्या म्हणाला, खोटं सांगितलं होतं असं तिनं स्वतः लिहून दिलं तरच फाइल उघडेल. खगेंद्र हात जोडून म्हणाला, “आई, पुढच्या महिन्यात तुझी नागरिकत्वाची मुलाखत. खोटं बोलले म्हणालीस तर तुझंच अडकेल. मावशीचं नंतर बघू.” नंतर म्हणजे कधी? तू सत्तरीला आलीस, छावणी मोडायला आली.

सोमवारी तो कामावर गेल्यावर बिनिताला घेऊन मीच कचेरीत गेले. टेबलामागच्या बाईनं विचारलं, “बहीण हयात आहे?” म्हटलं, आहे, आणि तोंडाळ आहे. पोरीनं अर्धंच सांगितलं तिला.

माझी मुलाखत त्यांनी थांबवलीय. तुझं होईल का, विचारलं. “कळवतो.” खगेंद्र पाच दिवस माझ्याशी बोलत नाही, ताट मात्र वाढून ठेवतो.

मातीचं बोललीस, तुझं चुकलं. मी तुला मारलं, माझं चुकलं. हिशेब लावायला बसलो तर दोघी इथेच मरू, म्हणजे तू तिथे आणि मी इथे. ते मला नकोय. शिव्या साठवून ठेव आणि समोर येऊन घाल. मी मधे बोलणार नाही. बोललेच तर थोडं.

खालचा अंगठा ओळखशील. आठ वर्षांपूर्वी त्यानंच तुला मारलं, आणि सोमवारी त्यानंच उठवून बसवलं.

तुझी,
दिदी धनमाया