पत्र्याखालची म्हैस

वैशाख, मंगळवार, दिवेलागण

भूकंप झाला तेव्हापासून ह्यांनी म्हशीला दगडी गोठ्यातून काढून पत्र्याखाली बांधलंय. आता पत्रा नुसता भाजतो. पेंडीच्या आंबोणात शतावरी अन् आवळ्याची पूड मी घालते रोज, पण आज तिनं तोंडच लावलं न्हाई. जीभ काढून धापा टाकत होती. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "पूड चालू ठेवा, पण आधी गार जागा द्या. गाभण आहे ती."

गार जागा दगडी गोठ्यातच हाय.

"पुन्हा जमीन हलली तर?" हे ओरडले.

"पत्र्याखाली आजच मरंल!" म्हणत मी दावं सोडलं, तिला आत नेलं, अंगावर पाणी ओतलं. आता आंबोण खातेय. चुकलं तर न्हाई ना माझं?

दावं ह्यांनी खुंट्याला बांधूच दिलं न्हाई. ते हातात धरून गोठ्याच्या दारात बसलेत.